टांकसाळीतला शास्त्रज्ञ : झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक

‘अनुमापन’ हा शब्द कानांवर पडला की शाळेतील प्रयोगशाळा डोळ्यांसमोर उभी राहते. स्टँडला अडकवलेली उंच ब्यूरेट, तिच्याखाली चंबू, चंबूत फिनॉलफ्थॅलीनचे दोन थेंब टाकताच गुलाबी झालेले अल्कलीचे द्रावण आणि वरून थेंबाथेंबाने पडणारे आम्ल! अखेर एका थेंबासरशी गुलाबी रंग नाहीसा होतो. तेथे प्रयोग संपतो आणि हिशोब सुरू होतो. शास्त्र शाखेकडे गेलेले मित्र हा हिशोब पुढेही करीत राहतात. वाणिज्य शाखेकडे वळलेले आम्ही मात्र जमाखर्च, ताळेबंद आणि घसाऱ्याची गणिते यांत गढून जातो. ब्यूरेटशी व्यापाराचा काय संबंध, असे कोणीही विचारील.

संबंध फार जवळचा आहे. किंबहुना ब्यूरेटचा हा सारा संसार व्यापाराच्या गरजेतूनच उभा राहिला. विकत घेतलेल्या मालात खरा माल किती आणि भेसळ किती, हा प्रश्न बाजारात पडला आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. ते उत्तर इतके सोपे करून देणारा माणूस म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक. वायूंच्या नियमामुळे त्यांचे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असते. परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध टांकसाळीत, दारूगोळ्याच्या खात्यात आणि कारखान्यांत गेला, हे सहसा सांगितले जात नाही. त्या उत्तरार्धाकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या हिशोबाची थोडी उजळणी करू. समजा, कॉस्टिक सोड्याचे द्रावण आहे, पण ते किती तीव्र आहे हे ठाऊक नाही. त्यातील २५ घन सेंटिमीटर द्रावण पिपेटने चंबूत घेतले. त्याचे पूर्ण उदासिनीकरण होण्यास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २२.५ घन सेंटिमीटर लागले. आम्लाची नॉर्मॅलिटी गुणिले त्याचे आकारमान हे अल्कलीची नॉर्मॅलिटी गुणिले तिच्या आकारमानाइतके असते. म्हणून ०.१ ला २२.५ ने गुणून २५ ने भागले की ०.०९ हे उत्तर मिळते. कॉस्टिक सोड्याचा सममूल्यभार ४० आहे. तेव्हा एका लिटरमध्ये ३.६ ग्रॅम सोडा आहे असे ठरते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये. ही द्विनोंदी पद्धतच आहे. नावेची बाजू आणि जमेची बाजू जुळली की खाते मिटते. येथे आम्ल आणि अल्कली जुळली की रंग जातो.

आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतून शिकून आलेले विद्यार्थी एका बाकावर बसतात, म्हणून एक गंमत येथेच सांगून टाकते. मराठी शाळेत आपण शिकतो की आम्ल आणि अल्कली मिळून क्षार आणि पाणी तयार होते. कानडी शाळेतील विद्यार्थी शिकतो की आम्ल आणि क्षार मिळून लवण आणि पाणी तयार होते. म्हणजे मराठीत जो क्षार शेवटी हाती येतो, तोच शब्द कानडीत सुरुवातीला घ्यायच्या पदार्थाचे नाव होतो! नावे कोणतीही असोत, ब्यूरेट मात्र दोन्ही भाषांत एकच आकडा दाखवते. गे-ल्युसॅकला नेमके हेच हवे होते.

गे-ल्युसॅकचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातील सँ-लेओनार या छोट्या गावी झाला. वडील आंत्वान गे हे वकिलीच्या पेशातले. त्या भागात गे आडनावाची घराणी पुष्कळ. तेव्हा ओळख पटावी म्हणून जवळच्या ल्युसॅक येथील आपल्या मालमत्तेचे नाव त्यांनी आडनावाला जोडले. आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव करतात, त्यातलाच हा प्रकार.

मुलगा दहा वर्षांचा असताना, १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ मध्ये संशयितांविषयीच्या कायद्याखाली वडिलांना तुरुंगात जावे लागले. पुढे त्यांची सुटका झाली. पण घराचे वैभव गेले ते गेलेच. अशा परिस्थितीत मुलाला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. राज्यक्रांतीने एका हाताने हिरावून घेतले, ते दुसऱ्या हाताने काही अंशी परत दिले असे म्हणावे लागेल. कारण १७९४ साली स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत जन्म किंवा पैसा न पाहता स्पर्धा-परीक्षेने प्रवेश मिळे आणि विद्यार्थ्यांना निर्वाहापुरते वेतनही मिळे. १७९७ मध्ये गे-ल्युसॅक या संस्थेत दाखल झाले.

तेथे त्यांना बेर्तोले हे गुरू लाभले. क्लोरीन वायूने कापड शुभ्र करता येते हे बेर्तोले यांनीच दाखवून दिले होते. त्यांनी या तरुणाला आपल्या एका मताची पडताळणी करणारे प्रयोग सोपविले. प्रयोगांचे निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध गेले. शिष्याने ते जसेच्या तसे गुरूंपुढे ठेवले. बेर्तोले रागावले तर नाहीतच, उलट असा प्रामाणिक आणि काटेकोर हात आपल्याला मिळाला याचा त्यांना आनंद झाला आणि त्यांनी गे-ल्युसॅकला आपला सहकारी करून घेतले. पॅरिसजवळच्या आर्क्यूय येथील बेर्तोले यांचे घर म्हणजे त्या काळच्या शास्त्रज्ञांचा अड्डाच होता. थोर गणिती लाप्लास शेजारी राहत. या सहवासात गे-ल्युसॅक घडले.

१८०२ साली त्यांनी वायूंच्या प्रसरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान सारखेच वाढविले तर सर्व वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हा तो नियम. शार्ल या शास्त्रज्ञाने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी असेच काही प्रयोग केले होते, परंतु ते छापले नव्हते. गे-ल्युसॅक यांनी आपल्या निबंधात शार्ल यांचा उल्लेख आवर्जून केला. त्यांनी तो केला नसता, तर आज हा नियम शार्लच्या नावाने कदाचित ओळखलाही गेला नसता. दुसऱ्याचे देणे आपल्या वहीत स्वतःहून लिहून ठेवणारा हा माणूस होता.

१८०४ मधील त्यांची विमानयात्रा, म्हणजे अर्थात बलूनमधील यात्रा, त्या काळी फार गाजली. २४ ऑगस्टला बियो या सहकाऱ्याबरोबर ते सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत गेले. तेवढ्याने समाधान न होऊन १६ सप्टेंबरला ते एकटेच निघाले आणि ७,०१६ मीटरपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्याच्या चौपटीहून ही उंची अधिक! वर तापमान शून्याखाली साडेनऊ अंश, श्वास घेणे कठीण, हात गारठलेले. तशा स्थितीत त्यांनी नाडी मोजली, चुंबकसूची पाहिली आणि बाटल्यांत हवा भरून घेतली. खाली येऊन पृथक्करण केले, तेव्हा वरच्या हवेत आणि पॅरिसच्या रस्त्यावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण सारखेच आढळले. सुमारे अर्धे शतक इतक्या उंचीवर कोणी गेले नाही.

पुढे हम्बोल्ट या जर्मन संशोधकाबरोबर त्यांनी पाण्याच्या घटकांचे मोजमाप केले आणि इटलीपर्यंत प्रवास केला. हम्बोल्टशी जमलेली मैत्री जन्मभर टिकली. १८०८ च्या अखेरीस त्यांनी आपला सुप्रसिद्ध नियम मांडला. वायूंचा संयोग होतो तो आकारमानांच्या साध्या, पूर्णांकी प्रमाणात होतो. दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन मिळून दोन आकारमाने वाफ होते. हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि अमोनिया हे तर अगदी समसमान आकारमानांत एकत्र येतात आणि त्यांचा पूर्ण उदासीन क्षार बनतो. आम्ल आणि अल्कली यांचा व्यवहार नेमक्या मापाने होतो, त्यात उधारी राहत नाही, ही खात्री त्यांना येथेच पटली असावी. अनुमापनाचे सारे शास्त्र याच खात्रीवर उभे आहे. ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये आपले गृहीतक मांडले ते याच नियमाच्या आधाराने.

याच सुमारास तेनार या मित्राबरोबर पोटॅशियम तयार करीत असताना स्फोट झाला. गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. जवळजवळ महिनाभर त्यांना काही दिसत नव्हते आणि दृष्टी पुढे जन्मभर अधू राहिली. रंगाच्या एका छटेवरून निर्णय द्यायचा, अशा पद्धतीला ज्याने पुढे पूर्णत्व दिले, त्याचे डोळे असे होते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या विवाहाची हकीकतही मोठी हृद्य आहे. कापडाच्या एका दुकानात काम करणारी मुलगी गिऱ्हाईक नसताना टेबलाखाली पुस्तक ठेवून वाचीत असे. ते पुस्तक रसायनशास्त्राचे आहे असे गे-ल्युसॅक यांना दिसले! तिचे नाव झेनव्हिएव्ह रोझो. १८०९ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

आयोडीन आणि सायनोजन यांवरील त्यांचे संशोधन १८१३ ते १८१५ या काळातले. एकोल पॉलितेक्निक आणि सॉर्बोन येथे ते प्राध्यापक होते. युस्टुस लीबिग हा पुढे विख्यात झालेला जर्मन रसायनशास्त्रज्ञ तरुणपणी त्यांच्या हाताखाली शिकला. एखादा प्रयोग मनाजोगा साधला की हे गंभीर प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला धरून प्रयोगशाळेत चक्क नाचत, अशी आठवण लीबिग सांगत असे.

येथवरचे चरित्र कोणत्याही मोठ्या शास्त्रज्ञाला शोभेल असे आहे. येथून पुढे मात्र रस्ता वळतो. १८१८ मध्ये ते सरकारी दारूगोळा खात्याच्या सल्लागार मंडळावर गेले. मद्यातील अल्कोहोलचे प्रमाण थेट शेकड्यात दाखविणारे मापक त्यांनी तयार केले. त्यामुळे मद्यावरील कर बसविणे सोपे झाले. कापड शुभ्र करण्याच्या ब्लीचिंग पावडरीचा कस कसा पाहावा, यावर १८२४ मध्ये त्यांनी निबंध लिहिला. ‘ब्यूरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावे त्या निबंधामुळे रूढ झाली. आणि १८२८ मध्ये आला तो अल्कलीच्या मोजमापावरील निबंध. आपल्या विषयाचे मर्म या निबंधात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

त्या काळी साबण, काच, रंगाई आणि दारूगोळा या सर्वच धंद्यांना पोटॅश लागे. लाकडाची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी आटवून पोटॅश काढीत. रशिया आणि अमेरिका येथून त्याची पिंपे येत. दिसायला सगळा माल सारखाच; पण एका पिंपात निम्मे पोटॅश, तर दुसऱ्यात पाणी, मीठ आणि रेतीच जास्त. साबणवाल्याने भाव कशाचा द्यावा? आपल्याकडे पापडखार घेताना गृहिणी जिभेला लावून पाहते. पिंपांच्या व्यापारात जीभ पुरी पडत नाही. रूआँ शहरातील देक्रवाझील या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये आम्ल ओतून अल्कली मोजण्याचे एक नळकांडे तयार केले होते. पद्धत चांगली होती. परंतु त्यावरील अंश त्याने आपल्या सोयीने ठरविलेले होते. इतके अंश म्हणजे मालात प्रत्यक्ष पोटॅश किती, हे कळायला वेगळा हिशोब करावा लागे. आणि हिशोब आला की चूक आली, वाद आला आणि हिशोब न येणाऱ्याची फसगत आली.

गे-ल्युसॅक यांनी केले ते असे. त्यांनी एक प्रमाण आम्ल ठरविले. एका लिटर द्रावणात बरोबर १०० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. म्हणजे ५० घन सेंटिमीटरमध्ये ५ ग्रॅम. पाच ग्रॅम सल्फ्युरिक आम्लाचे उदासिनीकरण करण्यास शुद्ध पोटॅश सुमारे ४.८ ग्रॅम लागते. तेव्हा व्यापाऱ्याने मालाचा नमुना याच्या दहापट, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम तोलायचा, पाण्यात विरघळवून अर्धा लिटर द्रावण करायचे आणि त्यातले ५० घन सेंटिमीटर पिपेटने उचलायचे. त्या ५० घन सेंटिमीटरमध्ये नमुना ४.८ ग्रॅम आला. ब्यूरेटवर अर्ध्या अर्ध्या घन सेंटिमीटरच्या रेघा. अशा १०० रेघा म्हणजे ५० घन सेंटिमीटर. आता माल शंभर टक्के शुद्ध असेल तर १०० रेघा आम्ल लागेल. ५५ रेघा लागल्या तर माल ५५ टक्के. गुणाकार नाही, भागाकार नाही; रेघ वाचली की शेकडा प्रमाण हाती!

या युक्तीचे मला फार कौतुक वाटते. हिशोब नाहीसा झालेला नाही. तो वजनात आणि द्रावणाच्या तीव्रतेत आधीच करून ठेवला आहे. जो हिशोब करायचा तो शास्त्रज्ञाने एकदाच करावा. त्याचे फळ मात्र गुणाकार न येणाऱ्या कारागिरालाही रोज मिळावे. नमुना मोठा तोलायचा आणि मग त्याचा दहावा हिस्सा घ्यायचा, यातही शहाणपण आहे. पिंपातील माल सगळीकडे सारखा नसतो, आणि तोलण्यातली बारीक चूकही मोठ्या वजनात कमी जाणवते. दर्शक म्हणून ते लिटमस वापरीत. आम्ल पडू लागले की कर्बवायूमुळे रंग आधी मद्यासारखा लालसर होतो. खरा शेवट येतो तो रंग कांद्याच्या सालीसारखा तांबडा झाल्यावर, असे त्यांनी नोंदविले आहे. उपमा कशी, तर साबणवाल्याच्या स्वयंपाकघरातली!

१८२९ मध्ये गे-ल्युसॅक पॅरिसच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. फ्रेंच भाषेत सोन्याचांदीच्या कसाला ‘तित्र’ म्हणतात. अनुमापनासाठी इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘टायट्रेशन’ हा शब्द याच ‘तित्र’पासून निघाला आहे. म्हणजे प्रयोगशाळेतील हा शब्द मुळात सराफकट्ट्यावरचा!

चांदीचा कस पाहण्याची पद्धत शतकानुशतके एकच होती. चांदीच्या तुकड्यात शिसे मिसळून हाडांच्या राखेच्या वाटीत तो भट्टीत ठेवायचा. शिसे आणि तांबे यांसारखे हीण जळून वाटीत मुरते आणि शुद्ध चांदीचा मणी उरतो; तो तोलायचा. पण थोडी चांदीही वाटीत मुरते आणि काही उडून जाते. त्यामुळे कस खऱ्यापेक्षा हजारात काही भागांनी कमी दिसे. हजारात चार भाग म्हणजे काही विशेष नाही असे वाटेल. पण १,००० किलोग्रॅम चांदी टांकसाळीत आणून विकणाऱ्याचे त्यात ४ किलोग्रॅम बुडतात! फ्रान्सच्या चांदीच्या नाण्यात हजारात ९०० भाग चांदी असावी आणि फरक तीन भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम होता. म्हणजे मोजण्याची चूक नियमाने दिलेल्या सवलतीपेक्षाही मोठी. अशा मापाने कोणाला दोषी ठरवायचे आणि कोणाला निर्दोष?

गे-ल्युसॅक यांनी भट्टी बाजूला ठेवली आणि साधे मीठ हाती घेतले. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात मिठाचे पाणी टाकले की सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका पडतो. त्यांनी मिठाचे द्रावण असे बेतले की त्याच्या १०० घन सेंटिमीटरने नेमकी १ ग्रॅम चांदी खाली बसावी. त्यासाठी तेवढ्या द्रावणात मीठ असते सुमारे ०.५४ ग्रॅम. दुसरे द्रावण त्याच्या एक-दशांश तीव्रतेचे. त्याच्या एका घन सेंटिमीटरने १ मिलिग्रॅम चांदी बसते. नाण्यातून सुमारे १ ग्रॅम चांदी येईल इतका तुकडा तोलायचा, पहिल्या द्रावणाचे १०० घन सेंटिमीटर एकदम घालायचे, बाटली जोराने हलवून वरचे पाणी नितळ होऊ द्यायचे आणि मग दुसरे द्रावण एकेक घन सेंटिमीटर घालीत राहायचे. नवा पांढरेपणा दिसेनासा झाला की थांबायचे. चूक हजारात अर्ध्या भागावर आली. १८३२ मध्ये या पद्धतीची सविस्तर पुस्तिका सरकारच्या वतीने प्रसिद्ध झाली आणि देशोदेशींच्या टांकसाळींनी तिची दखल घेतली. पोटॅशचीच युक्ती येथेही आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. हिशोब पुन्हा द्रावणातच करून ठेवला आहे.

ही युक्ती दोनशे वर्षांनंतरही कामावर आहे. त्याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातील सोनकच्छचे देते, कारण माझे मामा तेथे राहत असल्याने तो भाग माझ्या पाहण्यात आहे. देवास जिल्ह्यातील हे गाव इंदूर-भोपाळ रस्त्यावर, काळीसिंध नदीच्या काठी वसलेले आहे. वाटेवरच्या देवासला सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना आहे. माळव्याच्या या काळ्या जमिनीत १९७० नंतर सोयाबीनचे पीक पसरले आणि खरिपात जिकडे तिकडे तेच दिसू लागले. शेतकरी सोयाबीन मंडीत नेतो, तेथून ते तेलाच्या गिरण्यांत जाते. दाणे ओलसर राहिले, फुटले किंवा फार दिवस पडून राहिले, की तेलातील मुक्त मेदाम्ल वाढते आणि तेलाचा भाव उतरतो. हे मेदाम्ल किती आहे ते अनुमापनानेच पाहतात.

त्याची रीत अशी. तेल तोलून घ्यायचे, उदासीन केलेल्या ऊन अल्कोहोलमध्ये घुसळायचे, फिनॉलफ्थॅलीन टाकायचे आणि ब्यूरेटमधून कॉस्टिक सोडा सोडायचा. टिकणारी गुलाबी छटा आली की थांबायचे. आता गंमत पाहा. हे मेदाम्ल ओलेइक आम्ल म्हणून मोजतात आणि त्याचा सममूल्यभार २८२ आहे. म्हणून तेल तोलायचे ते २८.२ ग्रॅम. सोडा ०.१ नॉर्मल असेल तर प्रत्येक घन सेंटिमीटर म्हणजे ०.१ टक्का मेदाम्ल. ब्यूरेटवर १० आकडा आला तर १ टक्का. मामांच्या ओळखीने मी एका गिरणीतील तपासणीची खोली पाहिली. तेथील मुलगा सूत्र न लिहिता, ब्यूरेटकडे पाहून थेट वहीत टक्केवारी भरीत होता. त्या टक्क्यांवरून पुढचा हिशोबही निघतो. १० टन तेलात १ टक्का मेदाम्ल म्हणजे १०० किलोग्रॅम. ते काढून टाकण्यास कॉस्टिक सोडा लागतो १४.२ किलोग्रॅम. कमी घातला तर तेल आंबट राहील, फार जास्त घातला तर चांगल्या तेलाचाही साबण होऊन वाया जाईल.

दूधसंकलन केंद्रावर दुधाची आम्लता पाहताना सोडा एक-नवमांश नॉर्मल का घेतात, याचेही उत्तर हेच आहे. लॅक्टिक आम्लाचा सममूल्यभार ९०. त्यामुळे १० घन सेंटिमीटर दुधाला अशा सोड्याचा एक घन सेंटिमीटर लागला की आम्लता ०.१ टक्का. फ्रान्समधील साबणवाल्यासाठी शोधलेली सोय आज आपल्या गवळ्याच्याही उपयोगी पडते.

पुन्हा चरित्राकडे वळू. गे-ल्युसॅक यांनी १८२७ मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यासाठी एक मनोरा सुचविला. कोठ्यांतून वाया जाणारे नायट्रोजनचे वायू त्यात पकडून पुन्हा वापरता येत आणि महागडा सोरा वाचे. सँ-गोबँ या प्रसिद्ध काच-कंपनीचे ते सल्लागार झाले. १८३१ मध्ये ते लोकप्रतिनिधींच्या सभागृहात निवडून आले आणि १८३९ मध्ये त्यांना उमरावांच्या सभागृहात स्थान मिळाले. हा मान मिळण्यास उशीर झाला, कारण टांकसाळीत रोज स्वतःच्या हातांनी काम करणारा माणूस त्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे काहींना वाटे, असे सांगतात.

त्यांच्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. ऐन उमेदीत निसर्गाचे मूलभूत नियम शोधणाऱ्या या माणसाने पुढे पगाराच्या जागा गोळा केल्या आणि आपली बुद्धी पोटॅश, मद्य व नाणी यांत घालवली, असे विद्वानांतील काहींचे मत होते. त्यात तथ्यांश नाही असे नाही. एकाच वेळी अनेक पदे त्यांनी सांभाळली. लहानपणी घराचे वैभव जाताना पाहिलेल्या, पाच मुलांच्या बापाने तसे केले तर नवल नाही. पण बुद्धी घालवली हे म्हणणे मला पटत नाही. नियम शोधणाऱ्याने जगाला ज्ञान दिले. तोच माणूस जेव्हा त्या नियमाचे माप करून दुकानाच्या फळीवर ठेवतो, तेव्हा तो जगाला न्याय देतो. फसविणारा आणि फसणारा यांच्यात पूर्वी अनुभव, ओळख आणि आरडाओरडा यांवर निकाल लागे. आता मध्ये एक काचेची नळी आली, आणि ती नळी गरीब विक्रेत्याला व श्रीमंत गिऱ्हाइकाला एकच आकडा दाखवते. लेखापरीक्षणाचा पाठ आपण वर्गात शिकतो. त्याचे तत्त्व याहून वेगळे ते काय?

९ मे १८५० रोजी पॅरिस येथे गे-ल्युसॅक यांचे निधन झाले. पुढे १८५५ मध्ये मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अनुमापनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ब्यूरेटला आजच्यासारखे रूप आले. फिनॉलफ्थॅलीन तर बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. ते गे-ल्युसॅक यांनी पाहिलेच नाही. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर फ्रान्सच्या ज्या ७२ शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत त्यांचेही नाव आहे.

शास्त्र शाखेच्या प्राध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. अनुमापनाचे गणित शिकविताना नॉर्मॅलिटीच्या सूत्राबरोबर राखेच्या त्या पिंपाची आणि चांदीच्या त्या नाण्याचीही गोष्ट सांगावी. अज्ञात द्रावणाची तीव्रता काढणे म्हणजे कोणाच्या तरी मालाचा भाव ठरविणे आहे, हे एकदा कळले की शेवटच्या थेंबाला हात आपोआप सावकाश होतो. आणि माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींनो, ब्यूरेटला परकी मानू नका. आपल्या तराजूचीच ती धाकटी बहीण आहे. तिला बाजारात आणून बसविणाऱ्या, अधू डोळ्यांच्या आणि नेमक्या हातांच्या त्या टांकसाळीतल्या शास्त्रज्ञाला विनम्र अभिवादन!